अंगठ्याखालचं झाड

तिला सगळे मुंगी म्हणत. अंगकाठी पाहून नव्हे. त्या बाबतीत ती चांगली भरभक्कम होती. पण पेनाच्या नळीवर नखाएवढ्या जागेत ती मुंगी काढायची आणि वर म्हणायची, "सहाच्या सहा पाय मोजून घ्या." म्हणून मुंगी.

मागच्या खोलीत दीर लेथवर लाकडी पेनं कातायचा, खिडकीशी बसून मुंगी त्यांवर चित्रं काढायची आणि धाकटी जाऊ वार्निश चढवायची. बारा थर, दोन थरांमध्ये एक दिवस, आणि मध्ये ओल्या पॉलिश पेपरचं हलकं घासणं. धाकटीचा असा दरारा की वार्निश ओलं असताना कुणी शिंकलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

बावीस वर्षांत मुंगीने एकही चित्र दुसऱ्यांदा काढलं नव्हतं. आधी पेन्सिल नाही, सरळ रंग. वाळला की उजवा अंगठा त्यावरून अलगद फिरवायचा, कुठे कणी लागते का बघायचं आणि पेन धाकटीकडे द्यायचं.

यंदा त्या अंगठ्यानेच दगा दिला. सकाळी तो आखडलेला असे आणि ब्रश धरला की बारीक थरथरे. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मुंगीला वडील आठवले. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांचाही हात असाच अंगठ्यापासून गेला आणि शेवटची नऊ वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पाट्यांवरच्या वाकड्या मात्रा बघत, चरफडत काढली. मुंगी मरणाला एवढी भीत नव्हती जेवढी त्या नऊ वर्षांना भीत होती.

तिने कुणाला सांगितलं नाही. गुपचूप मलम आणलं. जेवण झालं की न्हाणीघराला कडी लावायची, अंगठा चोळायचा, वास जाईपर्यंत साबणाने धुवायचा आणि निमूट कामाला बसायचं. थरथर तेवढी दोनेक तास थांबे.

त्याच सुमारास एका ग्रंथपालबाईंनी चार पेनं सांगितली. त्यांच्या ग्रंथालयापुढचं एकच झाड, चार ऋतूंतलं. पहिल्या पेनावर वार्निशचा पहिला थर चढला आणि त्याला डोळे पडले. म्हणजे बारीक बारीक खळगे, तेवढ्या जागेवरून वार्निश अंग चोरून बाजूला झालेलं. घासून काढावं तर खालचं चित्र जातं. दुसऱ्या पेनाचं तेच झालं. तिसऱ्याचंही.

धाकटी हबकली. तिने डबा बदलला, वार्निश नव्या कापडातून गाळलं, स्वयंपाकघरातलं तळण बंद केलं. मग तिला आपल्या केसांच्या तेलाचाच संशय आला. तेल सोडलं, केसांचा झाडू झाला. दिराने आधी तिची टिंगल केली, पण तिसरं पेन बघितल्यावर ती थांबवली.

"पुढच्या महिन्यापासून वार्निश गॅरेजवाल्याकडे देऊ," तो म्हणाला. "गाडीवर टिकतं, मग पेनावर टिकायला काय झालं?"

एरवी धाकटीने त्याला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. आज तिने आपले ब्रश धुतले आणि कागदात गुंडाळून ठेवले.

मुंगीने तिसरं पेन उजेडात धरलं. डोळे सगळीकडे नव्हतेच; बुंध्यावर एका पट्ट्यात होते. तिने त्यावर अंगठा ठेवला. तो बरोब्बर बसला. साबणाने मलमाचा वास गेला होता, तेल गेलं नव्हतं. तिचं धाबं दणाणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

दोन दिवस ती एकच हिशेब मांडत बसली. सांगावं तर अंगठा उघडा पडणार. मलम सोडावं तर थरथर आपोआप दिसणार. गप्प राहावं तर धाकटीचं काम जाणार. कुणी पायऱ्या चढलं की गॅरेजवालाच आला असं वाटून ती उठून दाराशी जाई.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी वार्निशचे डबे खोक्यात भरायला लागली.

"ठेव ते खाली," मुंगी म्हणाली. "डोळे माझ्यामुळे पडतात. मी अंगठ्याला मलम लावते."

धाकटीने तिचा अंगठा ओढून नाकाशी नेला. "तीन आठवडे मी भुतासारखी फिरतेय, जाऊबाई! आरशात बघवत नाही मला! आणि मलम कशाला हवंय तुम्हाला?"

मुंगीने ब्रश उचलून तिच्यासमोर धरला. टोक थरथरत होतं. धाकटीचा राग जागच्या जागी विरला आणि तिच्या तोंडावर भीती दिसली. मुंगीला ती रागापेक्षा जड गेली.

धाकटीने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि मुंगीचा अंगठा नखाच्या खाचेपर्यंत पुसून काढला. मग चौथं पेन तिच्या पुढ्यात सरकवलं. "ती तीन आपण पुसून पुन्हा करू. आधी हे काढा. बिनमलमाचं."

पान न उरलेलं झाड राहिलं होतं, नुसत्या फांद्या. दोनदा मुंगीने ब्रश खाली ठेवला. धाकटी जागची हलली नाही. चित्र संध्याकाळी पुरं झालं आणि या वेळी त्यावरून कुणी अंगठा फिरवला नाही.

सकाळी धाकटीने पहिला थर चढवला. एकही डोळा पडला नाही. दिराने काही न विचारता खोक्यातले डबे फळीवर परत लावले. वार्निश काचेसारखं नितळ बसलं होतं आणि त्याच्याखाली फांदी न् फांदी थरथरलेली स्वच्छ दिसत होती. मुंगीचा हात निकामी होत चालला आहे, हे आता कुणीही बघून सांगितलं असतं.

"अजून पुसता येईल," धाकटी हळूच म्हणाली. "एकच थर आहे. सगळे चढले की मग काही करता यायचं नाही."

मुंगी पेन फिरवून फिरवून बघत राहिली. पुसलं तर पुन्हा काढताना रेघ सरळ येईल, याची तिला आता खात्री नव्हती.

"चढव," ती म्हणाली. मग थोरलेपणाचा सगळा तोरा सोडून तिने धाकटीचा पदर धरला. "आणि उद्या डॉक्टरकडे माझ्याबरोबर चल. एकटीने जायची मला भीती वाटते गं."