गाडीच्या फार आधी

बुलढाण्यात रेल्वे नाही, आणि आमच्या बाबांचा निम्मा स्वभाव त्यामुळेच घडला असावा. एसटीला ते मुळीच घाबरत नसत. ही गेली की मागून दुसरी येते. पण रेल्वेनं जायचं ठरलं की कचेरीत जन्म काढलेल्या या शांत माणसाचे हातपाय गार पडत. घाटात ट्रक आडवा झाला तर, पुढे चाक पंक्चर झालं तर, अशा सगळ्या ‘तर’ची बेरीज करून ते आम्हाला मलकापूर स्टेशनात इतक्या लवकर नेऊन बसवत, की आमच्या आधीची गाडीसुद्धा अजून यायची असे.

हा धसका मी माहेरून आंदणासारखा घेतला. दर पाच मिनिटांनी मी घड्याळ पाहायचे, आणि ते मागे तर नाही ना म्हणून शेजारच्याचंही पाहायचे.

अशा मुलीला स्थळ आलं ते जानेफळचं, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातलं. पाहायला सकाळी येणार होते, ते दुपार टळल्यावर आले. बाबा येरझारा घालून लाल झाले होते. मुलानं खाली मान घालून पोहे खाल्ले, तेवढ्या वेळात बाबांनी त्याला पाहिलं आणि चक्क होकार दिला. का दिला, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही.

लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदाच फिरायला निघालो. मांडव परतणीला बुलढाण्यात होतोच, त्यामुळे सूत्रं बाबांच्या हाती गेली. दुपारच्या गाडीसाठी त्यांनी आम्हाला नाश्त्यावरूनच उठवून नेलं. नवरा बिचारा तोंडातला घास गिळत निघाला. स्टेशनात बाबांनी एक बाक निवडला, चहावाल्याला आमची गाडी कोणती ते पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि मला म्हणाले, “इथून हालू नको. जावईबुवाले बी हालू देऊ नको.” मग गाडीला तासभर उरला तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा निश्चिंत होऊन, ते परतीच्या एसटीला गेले.

आता बोलणं भाग होतं. मी विचारलं, “पाहायला यायला एवढा उशीर का झाला होता?”

“कांद्याले पानी देऊन राह्यलो होतो,” तो म्हणाला. “घरून फोन आला. म्हनलं, निंगलोच. पाय चिखलात होते.”

मला हसू फुटलं. मी सांगितलं, पाहुणे येईनात म्हणून चिडून बाबा दाराला कुलूप लावून आम्हा सगळ्यांना बाहेर न्यायला निघाले होते आणि आईनं कुलूपच लपवलं. मग तो हसायला लागला. तिसऱ्यांदा पोहे वाढून घेतले ते भुकेनं नव्हे, वर पाहायची भीती वाटत होती म्हणून, हेही त्यानं कबूल केलं. मी हसून हसून पदर तोंडात कोंबला. जन्मात पहिल्यांदा मी स्टेशनात बसून घड्याळ विसरले होते.

मध्येच पलीकडच्या फलाटावर एक गाडी आली.

“ही कोनती असंन?”

“असेल कुठली तरी,” मी म्हणाले, आणि आम्ही पुन्हा पोह्यांवर आलो. गाडी गेली.

चहावाला किटली घेऊन समोर येऊन उभा राहिला. “तुमी आत्ता गेली त्याच गाडीनं जानार होते ना? आज तिकडच्या फलाटावर लागली. मले वाटलं, गेले तुमी.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रडू यायला हवं होतं, पण आम्ही दोघंही वेड लागल्यासारखे हसत सुटलो. मग मला बाबा आठवले आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. लगेच त्यांना फोन लावला.

“बाबा, गाडी चुकली.”

पलीकडून एसटीची खडखड ऐकू येत होती. तिच्यावर आवाज चढवून ते म्हणाले, “काऊन? मी तं बाकावर बसवून आलो होतो.”

“बाकावरच होतो. बोलत बसलो. लक्षातच आलं नाही.”

“दोघंबी?”

“दोघंही.”

मी बोलणी खायच्या तयारीनं डोळे मिटले.

“त्यानं पोहे खाईलोक, तेवढंच पाह्यलं होतं मी त्याले,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. “तुमचं जमंन का नाही म्हनून तवापासून झोप नव्हती मले. गाडी गेली तं जाऊ दे. बसा बोलत.”