नॉर्वेचं गिटार

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला मी आणि माझा एक मित्र एकाच गाडीतून ऑफिसला जायचो. गाडी त्याची, त्यामुळे गाणीही त्याचीच, म्हणजे नॉर्वेच्या एका बँडची. पत्र्याच्या कारखान्यात कोणी प्रेमभंगाची तक्रार नोंदवावी, तसा तो आवाज होता. मित्र मात्र एखाद्या घराण्याच्या गायकीबद्दल बोलावं तसा गंभीर व्हायचा. "पहिल्या तीन अल्बममध्ये निव्वळ मशीनचं संगीत होतं यार. मग यांनी गिटार का घेतलं?" असं विचारून तो माझ्याकडे बघायचा, जणू ते मीच आणून दिलं होतं.

बँड वॉशिंग्टनला आला, तेव्हा हे थेट गायकालाच विचारायचं त्याने ठरवलं. नागपूरहून आलेल्या आईला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून तिलाही घेतलं आणि तिच्या सोबतीला मला. काकू कानात कापूस घालून दीड तास स्टुलावर बसल्या. "एवढा कोणावर चिडलाय?" इतकंच त्यांनी मला विचारलं.

कार्यक्रम संपल्यावर गायक बँडचे टी-शर्ट विकायच्या टेबलापाशी आला आणि आमच्या मित्राची वाचाच बसली. "घसा फोडून घेतला बिचाऱ्याने," म्हणत काकूंनी पर्समधला डबा उघडून गायकाच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. त्याने तो अख्खा तोंडात टाकला.

"व्हाय गिटार?" मित्राला नेमका तेव्हाच कंठ फुटला.

गायकाने हातवारे केले, मान हलवली, त्याचे डोळे भरून आले. "आधी गिळू दे रे त्याला!" काकू ओरडल्या. तेवढ्यात मॅनेजर त्याला आत घेऊन गेला.

गाडीत बसल्यावर मित्र समाधानाने म्हणाला, "डोळ्यांत पाणी होतं यार. त्यालाही पटलंय."