बिनडायवरचा जिना

दर रविवारी सकाळी नाना आमच्या मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी येऊन उभे राहत. पांढरा सदरा, पांढरी विजार, डोक्यावर टोपी आणि काखेत छत्री. मॉलच्या आत छत्री कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणत, "भो, पाऊस काय इचारीसन येस?" मग छत्रीचं टोक जिन्याकडे करून कोणत्या तरी लाजऱ्याबुजऱ्या पोराला हुकूम सोडत, "चाल, चढ. आनि पोरगीले संगे ली जा."

नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. शिंदखेड्याकडचे, पण उतारवयात मुलाकडे जळगावात राहायला आलेले. उभी हयात खच्चून भरलेल्या गाडीत 'पुढे सरका' म्हणण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी माणसांना एकमेकांकडे सरकवायचा उद्योग धरला. म्हणजे लग्नं जमवू लागले. तेही फुकट. लग्नात जिलबीच्या पहिल्या घाण्यावर हक्क सांगायचे, तेवढाच काय तो मोबदला.

जिना संपतो तिथेच समोर माझं भेटवस्तूंचं दुकान होतं. भिंतीवरची घड्याळं, फोटोफ्रेमी आणि काचेत बसवलेली टेडी अस्वलं. त्यामुळे नानांच्या परीक्षेचा निकाल मला अगदी पहिल्या रांगेतून दिसे. त्यांचं म्हणणं असं, की घरी पोहे खाताना कोणाचाच स्वभाव कळत नाही. मुलगी ट्रेकडे बघते, मुलगा चमच्याकडे बघतो आणि थोरली माणसं छताकडे बघतात. दोघांना सरकत्या जिन्यावर चढवा, अर्ध्या मिनिटात सगळं बाहेर येतं. "चढाले समदा शाना ऱ्हातस," नाना म्हणत. "उतराना टायमले देखो. जिना संपस तठे कोन कोनाना हात धरस, ते देखो."

आणि खरोखर कळायचं हो! एक जण मुलीला खाली विसरून मोबाइल बघत वर पोहोचला. त्याला नानांनी तिथल्या तिथे नापास केलं. एक जण ऐट दाखवायला दोन-दोन पायऱ्या गाळत पळाला आणि थेट माझ्या अस्वलांत जाऊन पडला. पाचोऱ्याच्या एका मुलाची आई तर देवळात शिरावं तशी चपला खाली काढून जिन्यावर चढली. वर आल्यावर अनवाणी! मुलगा चपला आणायला निघाला तो शेजारच्या साध्या जिन्याने नाही, त्याच वर येणाऱ्या जिन्यावरून खाली पळत. तो पळतोय, जिना त्याला वर आणतोय, तो आणखी जोरात पळतोय, आई वरून "राहू दे रे" म्हणून ओरडतेय. मुलगी हसून हसून खाली बसली. मला वाटलं, मोडलं लग्न. नाना शांतपणे म्हणाले, "जमनं. आईना चपलासाठे जो एवढा पयस, तो बायकोले काय अनवानी ठेवी?" पुढच्याच महिन्यात नानांनी जिलबी खाल्ली.

या सगळ्यात एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. नाना स्वतः त्या जिन्यावर कधीच चढले नव्हते. दोघांना वर धाडायचं आणि आपण बाजूच्या साध्या जिन्याने धापा टाकत निकाल बघायला यायचं. एकदा मी छेडलंच, "नाना, आयुष्यभर चालत्या गाडीत उभं राहिलात, आणि याला भिता?"

"गाडीले डायवर ऱ्हास," नाना गंभीर होऊन म्हणाले. "याले कोन चालावस? डायवरनं नाव सांग, मी आत्ते चढस." त्या डायवरचं नाव मला अजून सापडलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.

ते मॉलचे भरभराटीचे दिवस. मे महिन्यात जळगावचं ऊन डोक्यात शिरतं, तेव्हा निम्मं गाव आमच्याकडे थंड हवा खायला यायचं. लोक घेत काही नसत, पण घेतील अशी आशा तरी असे. मग वारं फिरलं. गिऱ्हाईक माझ्या घड्याळाचा फोटो काढायचं आणि माझ्याच समोर फोनवर तेच घड्याळ मागवायचं. हायवेला दुसरा, याहून मोठा मॉल उभा राहिला. आमच्याकडचं सिनेमागृह बंद झालं. त्याच्या जागी शिकवणीचे वर्ग आले, आणि पॉपकॉर्नच्या वासाऐवजी गणिताच्या सरांचा आवाज येऊ लागला. थंड हवा गेली. शेवटी जिनाही फक्त रविवारी चालू लागला, तोसुद्धा मॅनेजरसाहेबांचं लग्न नानांनी जमवलं होतं म्हणून.

मॉलबरोबर माझाही भाव उतरला. एके काळी 'मुलाचं मॉलमध्ये दुकान आहे' म्हटलं की मुलीकडचे खुर्ची पुढे ओढून बसत. आता तेच वाक्य ऐकून उठायला लागले. तिशी उलटली. आई देवाला आणि नानांना एकाच सुरात साकडं घालायची. नाना एक दिवस धुळ्याचं स्थळ घेऊन आले. म्हणाले, "धुयानी पोर शे. हर्षदा. बाप दुकानदार शे. येत्या रविवारी तुन्हं दुकान देखाले येतीन." मी म्हटलं, "नाना, इथे कावळा फिरकत नाही. काय दाखवणार?" नाना छत्री फिरवत म्हणाले, "ते मन्हावर सोड."

रविवारी मी शटर उघडलं आणि डोळे चोळले. मॉल तुडुंब! नानांनी जमवलेली सगळी लग्नं मुलाबाळांसकट हजर होती. चाळीसगाव, पाचोरा, कुठून कुठून आलेली. चपलावाल्या आई होत्या, अस्वलांत पडलेला होता (त्यालाही नानांनी पुढे कुठेतरी खपवलं होतं), एक बाई तर भर दुपारी लग्नातला शालू नेसून आली होती. सगळे सरकत्या जिन्याने वर यायचे, माझ्या दुकानासमोर "अरे वा, काय घड्याळ!" म्हणायचे, साध्या जिन्याने खाली जायचे आणि पुन्हा वर यायचे. मला हसू आवरेना. पण हे फसलं असतं तर आईच्या तोंडाकडे मला बघवलं नसतं.

हर्षदा वडिलांसोबत आली. तिने जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून शांतपणे चौफेर पाहिलं. मी आणि आई तिथेच उभे. नाना छाती काढून म्हणाले, "देखं का ताई, रोज अशीच गर्दी ऱ्हास."

"गर्दी छान आहे," हर्षदा म्हणाली. "पण कोणाच्याच हातात पिशवी नाही. आणि ते पिवळ्या टोपीचं बाळ मघापासून सारखं वरच चाललंय."

शालूवाली बाई जागच्या जागी थबकली. हर्षदाचे वडील मात्र मोठ्याने हसले. "नाना, आमचं दुकानबी धुळ्याच्या मॉलमधेच आहे," ते म्हणाले. "बँकेचा साहेब आला तेव्हा आम्हीपण सगळे भाचे गोळा केले होते."

नानांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. टोपी काढून म्हणाले, "चूक मन्ही शे. पोऱ्याले काहीच माहीत नव्हतं. त्याले नापास करू नका."

हर्षदाने जिन्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "नाना, तुम्ही सगळ्यांना या जिन्यावर पारखता म्हणे. मी आल्यापासून बघतेय, तुम्ही याच्याजवळ येताना भिंत धरता. तुम्ही चढा. इतकं भिणारा माणूस ज्याच्यासाठी चढेल, तो मुलगा काहीतरी असेलच."

सगळा मॉल जिन्याभोवती गोळा झाला. नानांनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "राहू द्या नाना. माझं नाही जमलं तरी चालेल." आणि ते मी मनापासून म्हणालो होतो.

नानांनी छत्री आईच्या हातात दिली. चपला काढल्या. जिन्याला हात जोडले. माझा पंजा असा घट्ट पकडला की अंगठी रुतली. डोळे मिटले आणि जन्मभराच्या सवयीने तोंडाने घंटी दिली, "टिंग टिंग!" आणि ठेवला पाय!

खालून वरून टाळ्या, शिट्ट्या. शालूवाली नाचायला लागली. आम्ही निम्म्यावर आलो आणि वीज गेली. जनरेटरला डिझेल घालणं मॉलने केव्हाच सोडलं होतं. जिना जागेवर थांबला. नाना मात्र डोळे मिटून, ताठ, प्रवासात! बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "भलतं लांब शे रे. उना का वरला मजला?"

आख्खा मॉल हसत सुटला. तेवढ्यात मागून पावलं वाजली. हर्षदा पायऱ्या चढून आली आणि तिने नानांचा दुसरा हात धरला. "नाना, गाडी बंद पडली. चला, चालत जाऊ." मध्ये नाना आणि दोन बाजूंना आम्ही दोघं, असे वर पोहोचलो. शेवटच्या पायरीवर नानांनी डोळे उघडले, एकदा तिच्या हाताकडे पाहिलं, एकदा माझ्या, आणि म्हणाले, "पास."

त्या दिवशी आलेल्यांपैकी प्रत्येकाने लाजेकाजेस्तव एकेक घड्याळ घेतलं. माझ्या दुकानाची ती शेवटची मोठी विक्री. पुढे मॉल बंद झाला, आणि आता तिथे मंगल कार्यालय आहे. बंद जिन्याला झेंडूच्या माळा लावतात आणि नवरानवरी त्यावर उभं राहून फोटो काढतात. आमचं दुकान रस्त्यावर आलं, आणि गल्ल्यावर हर्षदा बसते. पिशवी न घेता कोणी बाहेर पडलं तर तिला अजून करमत नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना आजारी पडले. दवाखान्यात त्यांना वरच्या मजल्यावर हलवायचं होतं. खाट लिफ्टपाशी आणली तसा त्यांनी माझा हात पकडला. दुसरा हात हर्षदाने आपणहून धरला. नाना क्षीण आवाजात म्हणाले, "याले डायवर शे का?"

स्टुलावर बसलेला लिफ्टवाला वाकून म्हणाला, "आहे ना बाबा. मी आहे."

नानांचा चेहरा उजळला. त्यांनी आमचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि मोकळे झाले. "मंग जाऊ दे," म्हणाले. "टिंग टिंग."

दोनच दिवसांनी ते गेले. तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला आम्ही जिलबीच केली, आणि पहिला घाणा त्यांच्या फोटोपुढे ठेवला.