हेनिंगची अळंबीची जागा

हेनिंग माणूस वाईट नाही, घुम्या आहे इतकंच. शेजाऱ्याचं छप्पर गळायला लागलं तर न बोलावता शिडी घेऊन हजर होईल, आणि काम झाल्यावर कॉफी प्यायला थांब म्हटलं की काहीतरी निमित्त काढून पळेल. आमच्या सोलेफ्तेओ गावातल्या लाकूडगिरणीत दिवसभर करवतीच्या आवाजात उभं राहायचं, घरी येऊन बटाटे उकडायचे, बातम्या लावायच्या आणि झोपायचं. असं त्याचं आयुष्य.

जंगलातल्या पिवळ्या अळंबीची आपली जागा कुणाला सांगायची नाही, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. एरवी आम्ही मोठ्या मनाचे. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, खुशाल हिंडा, खुशाल वेचा. पण जागा विचारली की भलेभले बहिरे होतात. हेनिंगच्या वडिलांनी तर कहर केला होता. सख्ख्या भावाला चकवायला ते गाडी भलत्याच रस्त्यावर लावून उलट्या दिशेने चालत जायचे. शेवटच्या आजारपणाआधी त्यांनी हेनिंगला ती जागा दाखवली आणि बजावलं, पोटच्या पोराशिवाय कुणाला दाखवायची नाही. या पठ्ठ्याने ते इतकं मनावर घेतलं की बायकोलासुद्धा दाखवली नाही. सेसिलिया आधी चेष्टा करायची, मग रुसायची, मग तिने विचारणंच सोडलं. ती एकेक गोष्ट विचारायची सोडत चालली आहे, हे याच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा तिचं सामान दारात होतं.

आता त्यांची मुलगी तुवा एक आठवडा आईकडे असते, एक आठवडा बापाकडे. पाच वर्षांची आहे. दर शुक्रवारी बालवाडीच्या फाटकाशी अदलाबदल होते. सेसिलिया नदीपलीकडे योआकिमबरोबर राहते. योआकिम हसरा माणूस, शिट्टी छान वाजवतो, तव्यावरची धिरडी हवेत उडवून उलटी करतो. त्याच्यावर राग धरायला हेनिंगला काहीच सापडत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. तुवा योआकिमची गंमत सांगायला लागली की हा उठून भांडी घासायला लागतो. आपल्याकडे काय आहे? फक्त ती जागा. तेवढी एकच गोष्ट त्याची आणि तुवाची होऊ शकत होती, दुसऱ्या कुणाची नाही, म्हणून तिच्या पायांत जरा बळ आल्याबरोबर त्याने तिला ती दाखवून टाकली.

तिच्याबरोबर जंगलात निघालं की पोचायची वेळ धरायचीच नाही. दहा पावलं चालायची की बूट काढून आतली काटकी झटकायची. मग एखादा दगड उलथून त्याच्या पोटाखाली कोण राहतं ते बघायचं. मग ब्लूबेरी, मग निळी जीभ बापाला दाखवणं. हेनिंग कधी चल म्हणत नसे. शेवाळावर पाय पसरून बसायचा आणि चक्क बोलायचा. लहानपणी बर्फात हरवलेल्या कुत्र्याच्या गोष्टी त्याने दुसऱ्या कुणाला सांगितल्या असतील असं मला वाटत नाही.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी अशीच रमतगमत दोघं जागेवर पोचली. भूर्जाच्या झाडांखाली पिवळं काहीच नव्हतं. शेवाळात फक्त सुरीने कापलेले देठ उरले होते.

"कुणीतरी नेली," तो म्हणाला.

"आम्हीच नेली," तुवा मोठ्या ऐटीत म्हणाली. "आईने, मी आणि योआकिमने. वाट मी दाखवली. योआकिमला तर समोरची दिसत नव्हती, पप्पा, मीच शोधून दिली."

"तुला सांगितलं होतं ना, फक्त आपल्या माणसांना दाखवायची?"

"मग? आपलीच तर आहेत."

त्याने थर्मासमधलं गरम चॉकलेट ओतलं, ते अर्धं कपाबाहेर सांडलं. ती म्हणाली, रागावलास का? तो नाही म्हणाला. परतताना तो अवाक्षर बोलला नाही, आणि थोड्या वेळाने तीही बोलेनाशी झाली. एकाही दगडापाशी ती थांबली नाही. त्याचं बोट धरून, खाली बघत, मोठ्या माणसासारखी सरळ चालत राहिली. तिचं ते गप्प चालणं हेनिंगला ओळखीचं वाटलं.

शुक्रवारी फाटकाशी तुवा गाडीत बसल्यावर सेसिलिया जवळ आली.

"मला वाटायचं, किती लांब असेल ती जागा," ती हळूच म्हणाली. "आपल्या घराच्या मागेच होती, हेनिंग."

मग ती गाडीत बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी घर खायला उठलं. तो गाडी काढून दलदलीपलीकडच्या जंगलात गेला, जिथे तो कधीच फिरकला नव्हता. एका उतारावर झाडी संपली आणि समोर पिवळंधमक अळंबीचं रान पसरलेलं.

"तुवा!" त्याच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं. वळून बघितलं तर मागे कुणी नव्हतं.

तो गाडीत येऊन बसला. रेडिओवर सांगत होते, रविवारी रात्रीपासून सगळं गोठवणारं कडाक्याचं हिव पडणार. म्हणजे ती पुन्हा आपल्याकडे येईपर्यंत सगळ्याचा काळा लगदा. आपण कापून ठेवावी? पण पिशवीतली अळंबी बघण्यात पोराला काय मजा? अखेर त्याने सेसिलियाला लावला आणि संसारात कधी बोलला नव्हता इतकं एका दमात बोलला. जुन्या शेडपाशी वळा, दलदल डाव्या हाताला ठेवा, ओढा लागला की तुवाला उचलून घ्या, तिच्या बुटात पाणी जातं. उद्याच जा.

पलीकडे कागदावर पेन्सिल खरडल्याचा आवाज आला.

"तूही ये ना," सेसिलिया म्हणाली.

"नको. हा आठवडा तुमचा आहे. फक्त तिला घाई करू नका. ती वाटेत बसेल. बसली की तुम्हीही बसा."