माझ्या मृत्यूची बातमी देणारा प्रशील

प्रशील गेल्याचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा मी आधी त्याच्याच नंबरवर फोन लावला. असल्या निरोपांवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. फोन त्याच्या बायकोनं उचलला. "हो ताई... सकाळीच. हार्ट अटॅक," एवढंच ती म्हणाली. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. त्याला आता महिना झाला.

टीव्हीवरचा प्रशील तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, रोज संध्याकाळी भल्याभल्या नटनट्यांना बोलतं करणारा. माझ्याकडे आला तेव्हा तो कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून बसनं कॉलेजला येणारा, नाटकाचं वेड लागलेला मुलगा होता. रामदासपेठेतल्या माझ्या घरी आमच्या हौशी मंडळाच्या तालमी चालत, दिग्दर्शन माझं. अभिनयात हा निव्वळ ठोकळा, पण प्रश्न विचारून डोकं खायचा. "ताई, हा बाप इथं रडून काहून राहिला? आताच तर हसला ना." मला उत्तर द्यायला जमायचं नाही आणि राग मात्र यायचा. एकदा वैतागून म्हटलं, "तू नाटक सोड गा, लोकांले प्रश्न विचारायचं काम पाह्य." त्यानं ते मनावर घेतलं. आधी इथल्या केबलच्या बातम्या, मग वर्तमानपत्रातलं सिनेमाचं पान, मग मुंबईची मोठी वाहिनी. त्याच्यासमोर बसून नावाजलेले हिरो ढसाढसा रडले, पण त्यानं कुणाला मुद्दाम रडवलं नाही. समोरचा अडखळला की पाण्याचा ग्लास पुढे करायचा आणि गप्प राहायचा. खात्री केल्याशिवाय तो एकही बातमी देत नाही, अशी त्याची ख्याती होती. माती खाल्ली ती फक्त माझ्या बाबतीत.

दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन करून मी घरी आले होते. टीव्हीसमोर बसून मऊ भात खात होते, तर प्रशील चक्क माझ्या मृत्यूची बातमी देत होता! मागे माझा हार घातलेला फोटो... मी दवाखान्यात असल्याचं कुणीतरी तिखटमीठ लावून पुढे पाठवलं होतं. "अरे मेल्या, जिवंत आहे मी!" मी टीव्हीवर ओरडत सुटले. सून हसत होती, फोन वाजत होते, शेजारीण रडत दारात आली. त्या गोंधळात पाच मिनिटं तो माझ्याविषयी बोलला, त्यातलं एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

वाहिनीनं त्याच संध्याकाळी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः विमानानं आला आणि मान खाली घालून दारात उभा राहिला.

"काहून आला गा? माह्या तेराव्याची तेरवी जेवायले?"

तो हसला नाही. "ताई, एरवी मी घरी फोन लावूनच विचारतो. तुमच्या घरी लावायची मले हिंमतच नाही झाली. तिकडून कोणी 'हो' म्हटलं असतं तर?"

मी तेव्हाच विरघळायला हवं होतं. पण टाके दुखत होते, गावभर हसं झालं होतं... "जे काही बोललास ते आधी पुसून टाक. कुठंही दिसता कामा नये," मी ठणकावलं. "पुसतो," म्हणाला आणि पाणीही न पिता गेला.

पुढे बोलणं सुरू झालं. दिवाळीत यायचा, पुडाची वडी आवडीनं खायचा. पण तो विषय त्यानं कधी काढला नाही आणि "काय बोलला होतास रे?" असं मीही विचारलं नाही. तो भिडस्त आणि मी अहंकारी.

गेल्या आठवड्यात राहवेना म्हणून वाहिनीत फोन केला. ती पाच मिनिटं मला ऐकायची आहेत, म्हटलं. तिथल्या मुलीनं दोन दिवस शोधलं. "ताई, कुठंच नाहीये. सरांनी स्वतः बसून सगळ्या कॉप्या काढून टाकल्या. ताईंना शब्द दिलाय, म्हणाले होते." फोन ठेवून मी पुष्कळ रडले.

आता भेटेल त्याला विचारत सुटले आहे. शेजारीण म्हणते, त्याचा आवाज भरून आला होता. गांधीबागेतला ओळखीचा कापडवाला म्हणतो, शेवटचं वाक्य त्याला पुरं करताच आलं नाही. ते वाक्य कोणतं, ते कुणालाच आठवत नाही. त्या संध्याकाळी तुमच्यापैकी ज्यांच्या घरी टीव्ही सुरू होता, त्यांनी जरा आठवून पाहा. तो माझ्याबद्दल काय म्हणाला, ते मला येऊन सांगा. मी गुपचूप ऐकून घेईन.