बाबाचा कॉम्प्युटर आन् आईचा चहा

मंडळी, आज शेलूबाजारले घरी बसून बाबाचा सत्तरच्या दशकातला कॉम्प्युटर उघडला. मेमरी वाढवली आन् गेमसाठी कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड लावलं. लय खुश होती मी!

बाबानं गेम लावला. आईनं सवयीनं चहा मांडला. टेपवरून गेम कॉम्प्युटरात चढाले लय वेळ लागे; तोवर दोघं गप्पा मारत चहा घेत, कायमचंच.

आई कप घेऊन आली, तं बाबा खेळून राह्यले होते.

"इतक्यात झालं?" म्हणून ती कप ठेवून परत निघाली.

बाबानं तिच्याकडं पाह्यलं. मले म्हणले, "काढ वं ते कार्ड. टेपच लाव."

टेप कुईंकुईं कराले लागला. आई बसली.

आता तुमीच सांगा, मी सुधारलं होतं का बिघडवलं होतं?