गालाला लावलेला स्फटिक

सोनवणे मॅडम कुठलाही खडा हातात आला की आधी गालाला लावत. सत्त्याऐंशी साली धुळ्याच्या कॉलेजात भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी माझी अंगठी मागून घेतली आणि तिच्यातला लाल खडा असाच गालाला टेकवला. "काच आहे गं, लगेच ऊब धरते. पण रंग काय गोड आहे!" वर्ग हसला, मीही हसले. खोटा म्हणून त्यांनी कुठल्या खड्याला कधी हिणवलं नाही. त्यांच्याविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. पण लिहावंसं वाटतं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. दगड शिकून पोरीचं काय होणार, हे माझ्या वडिलांना, आबांना, कळेना. एक दिवस ते नरडाण्याहून थेट प्रयोगशाळेतच आले. विहिरीला सुरुंग लावला तेव्हा निघालेला, आजीनं हिरा समजून देवघरात ठेवलेला पारदर्शक खडा त्यांनी टेबलावर ठेवला.

"बाई, हाऊ वळखी दावा. नही तं पोरले घर लई जासू."

मॅडमनी तो गालाला लावला. "काच नाही, चांगला गार आहे. पुढचं तुम्हीच शोधा, आबा." खड्यांचा कठीणपणा तपासायच्या पेटीतला पुष्कराजाचा तुकडा त्यांनी आबांच्या हाती दिला. "हिरा असेल तर याचा ओरखडा उठणार नाही."

आबांनी जपून कडेला घासलं. बारीक रेघ उठली. त्यांचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात घरी जायला होस्टेलवरची ट्रंक भरायला घेतली.

"स्फटिक आहे," मॅडम म्हणाल्या. "आता उन्हात या. हळूहळू फिरवा."

खड्याच्या पोटात एकाएकी इंद्रधनुष्य उमटलं. जरा हलवलं की नाहीसं, परत हजर.

"मधमा चीर शे का?"

"शाबास! त्या चिरेतच उजेड फुटतो, म्हणून हे रंग."

आबा टोपी मागे सारून खडा फिरवतच राहिले. त्यांची एसटी चुकली.

"मनी पोर बी हाई बठ्ठं सांगी?"

"सगळं सांगेल, माझ्याआधी सांगेल."

आबा एकटेच गावी परतले. तेव्हापासून बांधावरची प्रत्येक गारगोटी ते गालाला लावू लागले. आई म्हणे, "आधी दाढी करी ल्या, दगड झिजी जाई!"

मी शेवटच्या वर्षाला असताना मॅडम जळगावच्या कॉलेजात निघाल्या. स्टँडवर आबांनी, आजीला विचारून आणलेला तोच स्फटिक, एसटीच्या खिडकीतून त्यांच्या हातात ठेवला.

"पाही ल्या बाई, काच तं नही ना?"

मॅडमनी तो गालाला लावला आणि डोळे मिटले. गारवा कळायला एक क्षण पुरतो. कंडक्टरनं घंटी मारली, एसटी हलली, तरी खडा त्यांच्या गालावरच होता.